नळदुर्गच्या साहेबाचे कागद

धाराशिव जिल्ह्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासाला एक साक्षीदार असा लाभला आहे, की त्याचा शब्द कुठे मानावा आणि कुठे मानू नये हेच आधी ठरवावे लागते. १८५३ ते १८५७ या चार वर्षांत नळदुर्गच्या किल्ल्यात राहून ज्या इंग्रज अधिकाऱ्याने या मुलखाचा कारभार पाहिला, तो फिलिप मेडोज टेलर त्या वेळी इंग्लंडात कादंबरीकार म्हणून ओळखला जात होता. १८३९ साली निघालेली त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ तिकडे चांगलीच गाजली होती. व्हिक्टोरिया राणीने पुस्तक बांधून होण्याची वाट न पाहता छापखान्यातले फर्मेच वाचायला मागवले, असे तो स्वतः सांगतो. लिहिण्याची खोड असलेला माणूस कारभारावर आला म्हणजे मागे कागद राहतात, तसे टेलरचेही राहिले. एक, मृत्यूनंतर छापले गेलेले आत्मचरित्र. दुसरा, लंडनमधल्या नातलगाला, हेन्री रीव्हला, लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा. आणि तिसरा कागद म्हणजे १८६३ साली तीन खंडांत निघालेली कादंबरी ‘तारा’, जिची सुरुवातच तुळजापुरात होते. नळदुर्ग-तुळजापूरविषयी लिहिणारे सहसा पहिल्याचा आधार घेतात, दुसऱ्याकडे फारसे वळत नाहीत आणि तिसऱ्याची करमणुकीत जमा करतात. मला हा क्रम उलटा वाटतो. साहेबाच्या कारभाराविषयी आत्मचरित्र सर्वांत जपून वापरावे लागते. आणि १८५० च्या आसपास या भागातले लोक कसे राहत होते, देवाधर्माचे काय चालले होते, हे विचारायचे असेल तर ‘तारा’ हीच तिघांतली जास्त भरवशाची साक्ष आहे.

टेलर कंपनी सरकारचा सनदी नोकर नव्हता, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. त्यावाचून त्याचे कागद उलगडत नाहीत. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा १८२४ मध्ये मुंबईला आला तो एका व्यापारी पेढीवर नशीब काढायला. पेढीच डबघाईला आलेली निघाली, तेव्हा ओळखीपाळखीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. तिथून पोलिसात, पुन्हा पलटणीत, आणि १८४१ पासून सुरापूरच्या बेडर संस्थानात अल्पवयीन राजाच्या वतीने कारभारी, असा त्याचा प्रवास झाला. त्याची बायको मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामर या सावकाराची मुलगी, आणि पामरची आई फैजबक्ष बेगम ही हिंदुस्थानी मुसलमान. म्हणजे नोकरी निजामाची, सोयरीक हैदराबादची, आणि कंपनीच्या बड्या साहेबांच्या पंगतीत मात्र पाट नेहमी कडेचा. १८५३ च्या मे महिन्यात कंपनीने नासिरुद्दौला निजामाकडून कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पट्टा लिहून घेतला. साऱ्यांचा मिळून वसूल सुमारे ५० लाखांचा धरला होता. त्याच महिन्यात सालारजंग निजामाचे दिवाण झाले. नळदुर्गचा मुलूख टेलरच्या हाती आला तो अशा धामधुमीत. १८६० च्या तहाने धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र कंपनीच्या वारसाकडेच राहिले. धाराशिवात इंग्रजी अंमल उणापुरा सात वर्षांचा, आणि त्यातली चार वर्षे या एका माणसाची. इतक्या थोड्या काळाविषयी इतके लिहिणारा दुसरा कोणी नसल्यामुळे त्याचे म्हणणे प्रमाण मानण्याचा मोह होतो. धोका आहे तो तिथेच.

‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १८७७ साली छापले गेले. टेलर १८७६ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या मेंतों गावी वारला होता. हैदराबादची शेवटची भेट आटोपून तो परतीच्या वाटेवर होता, दृष्टी गेली होती. पुस्तकाचे संपादन मुलगी ॲलिस हिने केले, प्रस्तावना रीव्हने लिहिली. थोडक्यात, नळदुर्ग सोडून जवळजवळ वीस वर्षे झाल्यावर वाचकाच्या हाती पडलेला, घरच्या माणसांच्या हातून गेलेला हा मजकूर आहे. घरच्या माणसाने साफसूफ केलेल्या कागदांचे काय होते, याचा अमेरिकेतला एक दाखला सर्वांना ठाऊक आहे. नॅथॅनियल हॉथॉर्न या कादंबरीकाराच्या वह्या त्याच्या पत्नीने, सोफियाने, १८६८ पासून छापायला घेतल्या. नवऱ्याची प्रतिमा सोज्ज्वळ राहावी म्हणून तिने शब्द बदलले, ओळी गाळल्या. मूळ वह्या न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात जपलेल्या होत्या म्हणूनच रँडल स्टुअर्टला १९३२ साली खरा मजकूर पुन्हा उभा करता आला. ॲलिसने असेच केले असा माझा आरोप नाही. पण मूळ वही आणि छापील पान शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय छापील पानाला वहीची किंमत देता येत नाही, एवढे तरी हॉथॉर्नच्या वह्यांनी शिकवले आहे.

शिवाय आत्मचरित्राचा एक हेतू उघड आहे. सनदी नोकरांपेक्षा आपण काकणभर सरस काम केले, तरी आपला दर्जा आणि मोबदला त्यांच्या बरोबरीचा झाला नाही, हे दुःख टेलरच्या मनात आयुष्यभर होते. नळदुर्गची प्रकरणे या दुःखाला उत्तर म्हणून लिहिलेली आहेत. जमिनीची मोजणी आपण कशी हाती घेतली, सोलापूर-हैदराबाद वाटेचे काम कसे काढले, रयत आपल्यावर किती खूश होती, हे तो मन लावून सांगतो. १८५७ च्या धामधुमीत त्याला नळदुर्गहून वऱ्हाडात बुलढाण्याकडे धाडले तेव्हा हाताशी फौज नव्हती. तरीही मुलूख शांत राहिला याचे श्रेय तो लोकांच्या आपल्यावरच्या प्रेमाला देतो. लोक आपल्याला महादेवबाबा म्हणत, असेही त्याचे सांगणे आहे. यातले काही खोटे असेलच असे नाही. अडचण एवढीच, की हे सगळे ज्याच्या फायद्याचे तोच एकमेव साक्षीदार आहे, आणि मुलूख शांत राहिला याची कारणे हैदराबादेत सालारजंगांनी निजामाला कंपनीच्या बाजूने धरून ठेवले यातही शोधावी लागतात. ज्या मजकुरात टेलरचा लाभ नाही, तिथे मात्र हेच पुस्तक अचानक विश्वासू होते. किल्ल्यातल्या पाणीमहालाविषयीचे त्याचे कौतुक घ्या. बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, हा बंधारा झाला. बंधाऱ्याच्या ऐन पोटात दालन काढले आहे. पावसाळ्यात नदी भरली की नर-मादी धबधबे माथ्यावरून कोसळतात आणि आत उभ्या माणसाच्या अंगावर थेंबही येत नाही. ही वास्तू बांधणाऱ्याच्या हिकमतीपुढे टेलर मान तुकवतो. त्यात त्याची स्वतःची बढाई नाही, म्हणून ते वाचताना पारखून घेण्याची गरज भासत नाही.

पत्रे यापेक्षा बरी, कारण ती त्या त्या वेळची. टेलरने रीव्हला लिहिलेली पत्रे सर पॅट्रिक कॅडेल यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून छापून आणली. म्हणजे ज्या साली इंग्रजी राज्य इथून उठले, त्याच साली त्याच्या एका दूरच्या कारभाऱ्याचे खासगी बोलणे उजेडात आले. पत्रांतला टेलर आत्मचरित्रातल्याइतका शांत नाही. सुरापूरच्या दरबारातल्या कुरबुरी, हैदराबादच्या कारभाराची दुर्दशा यांवर तो रोखठोक लिहितो. पण पत्रे खासगी होती म्हणून निर्मळ होती, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. हेन्री रीव्ह कोण होता? प्रिव्ही कौन्सिलच्या कचेरीतला वजनदार अधिकारी, ‘टाइम्स’च्या वर्तुळातला माणूस, आणि १८५५ पासून ‘एडिंबरो रिव्ह्यू’चा संपादक. टेलर स्वतः १८४० ते १८५३ या काळात ‘टाइम्स’चा हिंदुस्थानातला बातमीदार होता. तेव्हा रीव्हला लिहिलेले पत्र हे नातलगाला लिहिलेले असले, तरी त्यातला मजकूर लंडनमध्ये योग्य कानावर पडेल याची लिहिणाऱ्याला जाणीव होती. ज्याला वशिला नाही त्याचा वशिला म्हणजे ही पत्रे. त्यांतले हैदराबादचे चित्र जितके काळे, तितकी कारभाऱ्याची गरज मोठी दिसते.

आता ‘तारा’कडे येतो. टेलरने तीन कादंबऱ्यांची एक माळ कल्पिली होती, शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने. ‘तारा’त १६५७ आणि मराठ्यांचा उदय, ‘राल्फ डार्नेल’मध्ये १७५७ आणि प्लासी, ‘सीता’त १८५७ चा उठाव. तारा ही तुळजापुरातल्या व्यासशास्त्र्यांची मुलगी, बालविधवा. तिच्या अंगात देवीचा संचार होतो आणि ती मुरळी होते. पुढे अफझलखानाची स्वारी येते, देवळात कत्तल होते, आणि खानाचा मुलगा फाजल आणि तारा यांच्या प्रेमाची कथा त्या धामधुमीतून वाट काढत लग्नापर्यंत जाते. कथानक म्हणून ते आज वाचताना बरेचदा बटबटीत वाटते, योगायोगांची तर रेलचेल आहे. पण कथानक बाजूला ठेवून घर, देऊळ, वाट, बाजार, बायकांचे बोलणे, शास्त्र्याच्या घरातला पहाटेचा व्यवहार एवढेच पाहिले, तर लक्षात येते की या गोष्टी १६५७ च्या कोणत्याही कागदातून आलेल्या नाहीत. आदिलशाही फर्माने किंवा बखरी शास्त्र्याच्या घरातली सवत कशी वागते हे सांगत नाहीत. टेलरने जे लिहिले ते बघितलेले लिहिले, आणि बघितले ते एकोणिसाव्या शतकातले.

याला एक मजेशीर पुरावा टेलरच्या एका गफलतीतून मिळतो. देवाला वाहिलेली मुरळी ही लोकरीतीत खंडोबाची. वाघ्या-मुरळीची जोडी खंडोबाच्या दारात शोभते. तुळजाभवानीच्या दारात परडी घेऊन आराधी येतात, गोंधळी संबळ वाजवतात, पूजेचे हक्क भोप्यांकडे असतात. मग तुळजापूरच्या देवळात टेलरने मुरळी आणली कुठून? माझा तर्क असा की नळदुर्गहून. किल्ल्याला लागून मैलारपूर आहे आणि तिथे खंडोबा आहे. हा खंडोबा वर्षाचा बहुतेक काळ जवळच्या अणदूरला राहतो आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. दोन्ही गावच्या मानकऱ्यांत करार होतो, मूर्ती पालखीतून नेली जाते, आणि पौषी पौर्णिमेला नळदुर्गची यात्रा भरते. यळकोटाचा गजर, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट, रात्रभर चालणारी जागरणे, त्यांत नाचणाऱ्या मुरळ्या, हे सारे किल्ल्यात राहणाऱ्या साहेबाच्या दाराशी दरवर्षी घडत होते. तुळजापूर तिथून एका मजलेवर. दोन क्षेत्रांच्या रीती त्याच्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या, तर नवल नाही. हा पक्का पुरावा नव्हे; मुरळ्या टेलरने आधी दुसरीकडेही पाहिल्या असतील. पण पुस्तकी माहितीवर लिहिणाऱ्याच्या हातून अशी गल्लत सहसा होत नाही. डोळ्यांनी पुष्कळ पाहिलेल्या आणि वर्गवारी न केलेल्या माणसाच्या हातून होते.

याला पहिला आक्षेप काळाचा येईल. ‘तारा’ची गोष्ट टेलरने १८३९ सालीच एडिंबरोला प्राध्यापक जॉन विल्सन यांना सांगितली होती, असे तो कादंबरीच्या सुरुवातीला लिहितो. म्हणजे नळदुर्गला येण्याच्या चौदा वर्षे आधी. मग ती नळदुर्गचा पुरावा कशी? याचे उत्तर असे, की १८३९ मध्ये सांगितला तो सांगाडा. तीन खंड भरले ते १८६० ला इंग्लंडात परतल्यावर, म्हणजे या मुलखातले चार वर्षांचे वास्तव्य ताजे असताना. आणि समजा काही वर्णन त्याच्या तरुणपणच्या, निजामाच्या नैर्ऋत्य भागातल्या पोलीस नोकरीच्या आठवणीतून आले असेल, तरी तो काळ १८२५-३० चा ठरतो. १६५७ चा नव्हे. माझे म्हणणे कादंबरी नेमक्या कोणत्या साली काय दाखवते असे नाही. ती ज्या शतकाचा वेष घालते त्या शतकाची नाही, ज्या शतकात लिहिली त्याची आहे, इतकेच.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मराठी वाचकाकडून यायलाच हवा. या कादंबरीतला खलपुरुष मोरो त्रिमल. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत त्रिंबक पिंगळे यांचे नाव जवळजवळ याच रूपात लिहिले आहे. म्हणजे स्वराज्याच्या पेशव्यांचे नाव उचलून टेलरने ते एका कपटी, वासनांध माणसाला चिकटवले. अफझलखानाचे घराणे मात्र त्याच्या लेखणीतून सभ्य, उदार होऊन उतरते. असल्या लेखकाला साक्षीला का बोलवावे? बोलवावे ते याच कारणाने तपासून. महाराज, मोरोपंत, खान यांच्याविषयी ‘तारा’ काहीही सिद्ध करू शकत नाही. तुळजापूरच्या देवीवर खानाने काय केले, याविषयी कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतला मजकूर आणि त्यावरची इतिहासकारांची मतभिन्नता आपल्याला माहीत आहे. त्या वादात १८६३ ची इंग्रजी कादंबरी एका कवडीच्याही किमतीची नाही. ती कामाला येते ती वेगळ्याच प्रश्नावर: हैदराबादी सोयरीक असलेला, निजामाच्या मिठावर वाढलेला इंग्रज अधिकारी मराठी मुलखातल्या ब्राह्मण कारकुनाकडे आणि विजापुरी सरदाराच्या घराण्याकडे कोणत्या नजरेने पाहत होता. मोरो त्रिमल हा पेशव्यांचा नव्हे, नळदुर्गच्या कचेरीतल्या कारकुनांविषयीच्या साहेबी संशयाचा पुरावा आहे. ‘तारा’तले हिंदू-मुसलमान लग्न आणि ‘सीता’तले इंग्रज अधिकाऱ्याचे हिंदू विधवेशी लग्न पामर घराण्याच्या जावयाला सहज सुचले असणार, हेही इथे आठवावे.

तिसरा आक्षेप असा असेल की कादंबरीकार रचतो, आत्मचरित्रकार निदान खरे सांगण्याचा शब्द देतो. शब्द देणाऱ्याला तो पाळण्याचे ओझे असते, हे खरे. पण त्यालाच आपली बाजू राखण्याचेही ओझे असते. कादंबरीत टेलर नायक-नायिकांविषयी हवे ते रचतो, पण पार्श्वभूमी रचण्यात त्याला काही मिळवायचे नव्हते. पहाटे कोण कधी उठते, मंदिराच्या पायऱ्या उतरून तीर्थावर कोण जाते, डोंगराच्या कडेवरून खालचा सपाट मुलूख कसा दिसतो, हे खोटे सांगून त्याची बढती होणार नव्हती. ज्या गोष्टीकडे लिहिणाऱ्याचे लक्ष नसते तिथेच त्याचा हात सरळ चालतो. इतिहासाच्या कोणत्याही कागदाला ही कसोटी लागू पडते, पण टेलरला विशेष, कारण त्याचे लक्ष जिथे असते तिथे तो फार कसलेला लेखक आहे.

राहता राहिला मोजणीचा आणि वसुलाचा प्रश्न, ज्यावर टेलरचा सगळा अभिमान उभा आहे. तो त्याच्या तिन्ही कागदांतून सुटणार नाही, कारण तिन्ही त्याचेच. तो सुटेल गावच्या दप्तरातून. १८५३ पूर्वी निजामी अमलात, मग सात वर्षे इंग्रजी अमलात आणि १८६० नंतर पुन्हा निजामी अमलात, अंमल दोनदा बदलला तरी गावचा हिशेब लिहिणारे घर सहसा तेच राहिले: कुलकर्ण्याचे. मोडीतला जमाबंदीचा खर्डा, बाकीची यादी, पड पडलेल्या जमिनीची नोंद हे सगळे त्याला साहेबाच्या वाचकांसाठी लिहायचे नव्हते, वरच्या कचेरीला आणि स्वतःच्या हक्काला सांभाळून लिहायचे होते. त्याच्याही लिखाणात लबाडी असेलच, आपल्या आप्तांची जमीन कमी दाखवण्याची वगैरे. पण ती लबाडी टेलरच्या बाजूची नाही. तुळजापूर किंवा परंड्याकडच्या एखाद्या गावाचे १८५३ च्या आधीचे आणि १८६० च्या नंतरचे असे खर्डे शेजारी मांडले, तर लागवड वाढली ती मोजणीमुळे, की भाव चढल्यामुळे, की इजारदार आणि त्यांचे अरब-रोहिले वसुलीला येईनासे झाले म्हणून, हे ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’ला विचारण्याची गरज उरणार नाही.